समोरच्या दुकानाचं काचेचं दार

अहेरीच्या बाजाररस्त्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमच्याकडे कॉम्प्युटर घेणारा माणूस ऑफिसचं सॉफ्टवेअर भाजीवर कोथिंबीर मागावी तसं मागतो. "भाऊ, टायपिंगचं अन् हिशोबाचं तेवढं टाकून द्या ना." मीही पेनड्राइव्ह लावून फुकट टाकून द्यायचो. ती विकायची वस्तू आहे, हे मीच विसरून गेलो होतो.

मग गावात ते चंदेरी, महागडे लॅपटॉप दिसू लागले. आधी ठेकेदारांकडे, मग डॉक्टरांकडे. त्यांची सिस्टिमच वेगळी, माझा पेनड्राइव्ह तिथे चालेना. "हे आपल्याकडे होत नाई, समोर विचारा," असं सांगून मी त्या गिऱ्हाइकांना समोरच्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात धाडायचो. म्हटलं, बसू दे त्याला डोकं खाजवत.

तो कसला डोकं खाजवतो! त्याने त्यांना सरळ कंपनीचं अस्सल सॉफ्टवेअर विकायला सुरुवात केली. आधी कधीतरी एखादं, मग दर बाजाराला गिऱ्हाईक. त्याने दुकानाला काचेचं दार बसवलं, एसी लावला. ते दार उघडलं की इकडे पंख्याखाली माझ्या पोटात दुखायचं. मेला हसायचाही किती गोड!

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने चंद्रपूरहून तसाच लॅपटॉप आणला आणि सॉफ्टवेअर समोरून विकत घेतलं. मी खवळलो.

"बापाचं दुकान सोडून तिथी काऊन गेली?"

"मंग कुठी जाऊ बाबा? साऱ्या गावाले तुमीच तर तिथी पाठवून राह्यले."