वहिनींबरोबर रत्नागिरीच्या बोटीने

मला बोट लागत नाही. हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही, बायकोपुढेही नाही. लालबागच्या आमच्या चाळीत माझी ख्याती उलटी आहे. भाऊच्या धक्क्याचं नाव काढलं तरी मला मळमळतं, अशी सगळ्यांची समजूत, आणि ती मीच करून दिलेली. त्या एका सबबीवर कित्येक वर्षं मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी गेलो नव्हतो. घाटातली मोटारही सोसत नाही, असं पुढे जोडून ठेवलं होतं.

सबब कशासाठी, तेही सांगतो. आमची आई अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून अंगणात न्यायला घरात एक पुरुषमाणूस लागतो. ते सगळं माझा थोरला भाऊ, दादा, करतो. त्याचं एकच मागणं होतं. एखाद्या मे महिन्यात मी येऊन आईजवळ राहावं, म्हणजे तो मुंबई बघून येईल. मला ती उठबस नको होती. मी निरोप धाडला की बोटीत माझा जीव जायची वेळ येते. दादाने पुन्हा विचारलं नाही.

यंदा वहिनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी परळच्या हॉस्पिटलात आल्या. येताना गावातल्या कोणाची सोबत होती, जाताना कोणी मिळेना. दादा आईला सोडून येऊ शकत नव्हता. मला निघावंच लागलं.

सकाळी बोटीवर चढताच वहिनींनी डेकच्या मधोमध घोंगडी पसरली. डोळ्यांवर काळा चष्मा, चाचपडत चालणं, पण हुकूम पक्का.

"भावोजी, तुमी हितं आडवे व्हा. मधी हेलकावा कमी बसतो. आणि ह्ये लिंबू नाकाशी धरा."

शेजारच्या ट्रंकेवर बसलेले एक म्हातारे म्हणाले, "बोट अजून बांधलेली आहे, बाई. आत्तापासून हुंगलं तर दाभोळजवळ दर्या उसळला की काय हुंगतील?"

बोट सुटली. धक्का, गोद्यांतल्या डोलकाठ्या, गिरण्यांची धुरांडी मागे पडली. अलिबागचा किल्ला पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा दिसला, मग नुसता किनारा, माडांची काळसर रेघ आणि शिडं. दर्या इतका निवांत होता की डेकवरची माणसं आपोआप हळू बोलू लागली. मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून गेले काही महिने शहरात रोज घोषणा, हरताळ, लाठ्या. इथे फक्त यंत्राची घरघर होती. कोणी मला काही विचारत नव्हतं. इतकं सुख मला कोणी इतक्या वर्षांत दिलं नव्हतं, आणि ते मी लिंबू हुंगत, डोळे मिटून घेत होतो.

दुपारी भुकेने जीव कासावीस झाला. भाकरीचं गाठोडं वहिनींच्या मांडीवर, पण मागणार कसं? पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि खाली उपाहारगृहात उभ्याउभ्या कांदाभजी हाणली. दुसरी बशी मागितली तेव्हा तिथला माणूस माझ्या हातातल्या लिंबाकडे बघत म्हणाला, "ते भज्यांवर पिळू का?"

वर आलो तर वारा वाढला होता. मी मधली जागा अडवल्यामुळे वहिनी कठड्याला टेकून बसल्या होत्या. तुषार थेट तोंडावर येत होते. डोळ्याला पाणी लागता कामा नये, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. वहिनींनी पदराने चष्मा झाकून घेतला होता आणि त्या म्हाताऱ्यांशी बोलत होत्या.

"आमचे हे रत्नागिरीच्या मोर्च्यात सगळ्यांच्या पुढं. 'मुंबई आमची' करून घसा बसवून घेतला. लोक हसले, म्हणाले, अरे, तू बघितलीस तरी काय? तर म्हणतात कसे, माझा भाऊ राहतो तिथं. त्याची ती माझी."

मी लिंबू खिशात टाकलं. मग म्हणालो, "वहिनी, इकडे मध्ये या. मला बोट लागत नाही."

"सकाळपासनं दर्या शांत होता म्हणून."

"नाही. कधीच लागली नाही. यायचं नव्हतं म्हणून सांगत होतो."

म्हातारे ट्रंकेचं कुलूप तपासू लागले. वहिनी उठल्या, चाचपडत घोंगडीवर येऊन बसल्या आणि गाठोडं सोडलं.

"मग भाकरी खाऊन घेते. सकाळपासून पोटात काय नाय. तुमच्यासमोर खाल्लं तर तुमाला ढवळंल म्हणून बसले होते."

त्यांनी अर्धी भाकरी मला दिली. भज्यांनी भरलेल्या पोटात मी ती खाल्ली. जयगड मागे पडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांना मी सांगणार नाय. तुमी सांगा."

रत्नागिरीला दिवस मावळत होता. बोटीवरून किनाऱ्याला नेणाऱ्या मोठ्या होडीत, पडावात, बसून आम्ही उतरलो. आईपाशी शेजाऱ्याला बसवून दादा बंदरावर आला होता. त्याने आधी माझा दंड धरला. "फार त्रास झाला काय रे?" हातात कोकमाच्या सरबताची बाटली होती. माझ्यासाठी.

रजा चारच दिवसांची होती. तेवढे दिवस आईला मीच उचललं. ती हाताला इतकी हलकी लागेल असं वाटलं नव्हतं. दादाला सांगायला मात्र शेवटची सकाळ उजाडली. बंदराच्या वाटेवर सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "तुझ्या वहिनीचा डोळा तरी वाचला तुझ्या खरं बोलण्यानं." आणि थोड्या वेळाने, "शिवाजी पार्क खरंच दर्याला लागून आहे काय?"

परतीच्या बोटीत मी दिवसभर कठड्याशी उभा होतो. वहिनींनी मला माणसात घेतलं आणि दादाने दार लावलं नाही, याचे उपकार कसे मानावेत मला कळत नाही. मुंबई कोणाची, याचा निकाल अजून लागायचा आहे. दादाने ती पाहिलेली नाही, आणि ते माझ्यामुळे. त्याला ती पाहता यावी म्हणून एक अख्खा मे महिना आईजवळ राहणं मी त्याचं देणं लागतो.