जिजीने न काढलेली मूठ

जिजी कुणालाही "कसा आहेस?" असं विचारत नसे. "कितल्या भाकरी खाद्यात?" किती खाल्ल्या, एवढंच विचारी, आणि उत्तरावरून माणसाचं काय बिनसलंय ते ओळखी. ती माझ्या नवऱ्याची चुलती. सुरतेत उधन्याच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचा नवरा गेलेला, एकुलता एक सुरेश लूमवर बारा तासांच्या पाळीला.

बारा तास उभं राहून पाय भरून येत. त्यावर औषध म्हणून गर्दची, नशेची पुडी चाळीत आणली ती राजूने. राजू आमच्याच भाऊकीतला, खानदेशातून एका पिशवीनिशी आलेला. आधी पुड्या फुकट दिल्या, चटक लागल्यावर विकल्या. पोरं वाळत गेली आणि राजूच्या पत्र्याच्या खोलीवर तीन मजले चढले. गल्लीत फरशी त्याने घातली, नळ त्याने आणला, गणपतीची कमान त्याचीच. त्याच्यामुळे वस्ती उभी राहिली, असं लोक कौतुकाने सांगत. मेलेल्या पोरांचं नाव कुणी काढत नसे. नळावर मीही हंडा लावत होते, मग कुणाला बोलू?

श्रावणात एका रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, आमची खानदेशची देवी. नैवेद्याच्या रोटासाठी भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, आणि ते रोट भाऊकीनेच खायचे. परक्याला तुकडाही द्यायचा नाही. गहू काढायचा मान जिजीचा. त्या वर्षी ती एकेक नाव घेत गेली, राजूचं नाव आलं तिथे हात सुपातून बाहेर काढला. सासरे म्हणाले, जित्या माणसाचा वाटा काढला नाही तर तो मेल्यात जमा होतो. जिजी शांतपणे म्हणाली, "माले माहीत शे."

भाऊकी चवताळली. राजूवर नाही, जिजीवर! दुसरी कानबाई राजूच्या नव्या हॉलमध्ये बसली, लाइटिंग लावून. सगळे तिकडे गेले. मीही गेले, नवी साडी नेसून गेले. त्याची लाज अजून जात नाही.

इकडे जिजीकडे साऱ्या भाऊकीचे रोट उरलेले. पौर्णिमेच्या आत संपवायची रीत. पुडीने वाळलेल्या सुरेशला चतकोरही जात नव्हता. ती एकटी खात बसायची, दुधात कुस्करून, पाण्यात बुडवून, ओकारी येईपर्यंत. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मी उठले नाही.

पौषात सुरेश गेला. खांदा द्यायला राजू सर्वांत पुढे होता.

पुढच्या श्रावणात जिजीच्या घरात ज्याच्या नावाने वाटा काढायचा असा पुरुषच उरला नव्हता. कानबाईच्या रविवारी ती वर्षभरात पहिल्यांदा आमच्या दारात आली. माझा नवरा खाटेवर पडला होता. त्याच्याकडे बघत तिने मला विचारलं, "यानी कितल्या भाकरी खाद्यात?"

मी म्हटलं, तीन.

ती आत आली, चुलीजवळचं झाकलेलं ताट उघडलं. भाकरी तशीच होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने ताट पुन्हा झाकलं.

"मी बी सुरेशनं ताट असंच झाकी ठेयेल व्हतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी नवऱ्याला गावी नेलं. तो वाचला. जिजीला विचारायला कुणी नव्हतं, ती त्याच वर्षी गेली. त्या गल्लीच्या तोंडाशी आता चौक आहे, आणि चौकाला राजूचं नाव आहे.