एक्स्क्यूज बूट

माझी शेवटची पोस्टिंग एका इन्फन्ट्री बटालियनच्या एमआय रूमवर, म्हणजे पलटणीच्या छोट्या दवाखान्यात होती. मी नर्सिंग असिस्टंट, हुद्दा हवालदार. जवान ‘डॉक्टर’ म्हणत आणि मला ते आवडायचं. सकाळी सहाला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची रांग, लागे. पाय दुखतो म्हणणाऱ्याला मी आधी कामचोर समजायचो, मग मलम द्यायचो. फारच लंगडत असला तर मेडिकल ऑफिसर साहेबांकडून चिठ्ठी मिळे: एक्स्क्यूज बूट, सात दिवस. तेवढे दिवस चपलेवर चालायची मुभा.

साहेबराव त्याच पलटणीतला, हुद्दा नाईक, मिरजगावचा. मी शेजारच्या गावचा. आम्ही दोघं रिटायर झालो, तरी तो रोज पहाटे बूट चढवून हायवेला चालायला जायचा. जानेवारीत झेंडावंदनानंतर त्यानं पॅन्ट वर केली.

“गुडघ्यामागं कायतरी उडतंय, डॉक्टर. चाललं की पोटरी धरतीय.”

मी बोटं ठेवली. लिंबाएवढी गाठ, ठोक्यागणिक हलणारी. गुडघ्यामागे नाडी लागतेच, म्हणून मी सोडून दिलं. वर थट्टा केली की तुझं काळीज पायात उतरलंय. कागदावर लिहूनही दिलं: एक्स्क्यूज बूट, सात दिवस. दोघं पोट धरून हसलो.

मार्चमध्ये सकाळी आठला त्याचा फोन आला. पाय पाचपासून ठणकत होता. उगाच सिक रिपोर्ट नको, म्हणून तीन तास गप्प बसला होता. मी पोचलो तेव्हा पाऊल पांढरंफटक, गार. अंगठा हलेना. पावलावर नाडी नाही. रक्तपुरवठा तुटलेला पाय सहा तासांच्या आत वाचवायचा असतो, हे मी रंगरुटांना शिकवत असे.

नऊ पन्नासला नगरचं हॉस्पिटल. डॉपलर, म्हणजे शिरांतल्या रक्तप्रवाहाची तपासणी झाली. तिथले डॉक्टर म्हणाले, गुडघ्यामागची रोहिणी फुगली होती, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. आत रक्त साकळलं आणि वाट बंद झाली. दुसऱ्या पायातही लहान फुगा निघाला.

“गाठ उडत होती तेव्हाच सोनोग्राफी व्हायला हवी होती. त्यांचीच शीर वापरून बायपास करता आला असता. आधी कुणी बघितलं नव्हतं का?”

मी ॲम्ब्युलन्स बघतो म्हणून बाहेर पडलो. त्याची मला आजही लाज वाटते.

रक्त पातळ करणारं इंजेक्शन देऊन साडेदहाला आम्हाला पुण्याला रवाना केलं. शिरांचे सर्जन तिथे होते. सुपा ओलांडताना अकरा वाजून गेले. मी त्याचं पाऊल धरून बसलो होतो. जखम नव्हती, बांधायला काही नव्हतं. माझ्या हातांना कामच नव्हतं.

“डॉक्टर, पाय हाय का?” त्यानं विचारलं.

“हाय,” मी म्हणालो.

पुण्यात मांडीतून पाय काढला. तिसऱ्या दिवशी किडन्या बंद पडल्या आणि साहेबराव गेला.

तेराव्याला त्याच्या घरी गेलो. दाराशी बूट होते, पॉलिश केलेले. वहिनी म्हणाल्या, “तुमी लिवून दिल्यापास्नं घातलंच न्हाईत. डॉक्टरला इचारतो, मग घालतो, म्हनायचे.”

सिक रिपोर्टच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव कधीच नव्हतं. मी इथे लिहितो. नाईक साहेबराव. पाय दुखतो म्हणाला होता. खरं बोलत होता.