राजा जिच्या हातावर मरायचा

विद्यापीठाच्या आवारात एक नाटक कंपनी आहे. जुनी अभिजात नाटकं करते. नट पगारी, प्रेक्षक शिकलेले. तिथे मी कपडेपट सांभाळते आणि रंगमंचाच्या पोटात, अंधारात, माझी वहिनी काम करते. टाळ्या वाजतात तेव्हा तिच्या डोक्यावर धूळ पडते, एवढाच तिचा मान.

शेवटच्या अंकात राजा स्वतःच्या थडग्यात उतरतो. म्हणजे एका चौकोनी फळीवर पाऊल ठेवतो आणि वहिनी खालून दोर सोडत त्याला सावकाश खाली घेते. आधी ती फळी अडवून धरणारी खिट्टी उपसते आणि त्याच खिट्टीने वर ठोका देते. ठोका म्हणजे, दोर माझ्या हातात आहे, या. राजा मागे न बघता पाठमोरा पाऊल टाकतो. खाली सिमेंट.

थंडी सरता सरता तिचा उजवा हात बधिर व्हायला लागला. कप निसटायचा, कंगवा निसटायचा. "झोपेत दबला असेल," म्हणायची. रोज दबतो होय? मी खोदून विचारलं तर माझ्यावरच उखडली.

"वन्सं, तोंड आवरा. करार संपत आलाय. हात गेला म्हटलं की मीही गेले."

"आणि राजा पडला तर?"

ती बोटं चोळू लागली. "रोज तेच स्वप्न पडतं. आधी मुकुट येतो खाली, मग तो."

दुपारच्या प्रयोगाआधी कंपनीच्या साहेबांना सांगते, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. गेलीही बिचारी. साहेब फोनवर होते, त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या. तेवढ्याने हिचं उरलंसुरलं अवसान गळालं. परत फिरली.

खाली बसून तिने मनाशी ठरवलं, आज दोर कमरेला गुंडाळायचा, मगच खिट्टीला हात लावायचा. पण इतक्या वर्षांचं अंगवळण. वरून राजाचं उतरण्याआधीचं वाक्य आलं आणि हाताने आपसूक खिट्टी उपसली, ठोका दिला. कंबर मोकळीच. फळीचा भार हातांवर आला. उजव्या हाताची बोटं परक्याची असावीत तशी उघडली. दोर सरकू लागला. वर टाच घासल्याचा आवाज आला.

रंगमंचाखाली खोकायचीही बंदी. वहिनी ओरडली, "राजेसाहेब, थांबा, हात गेला माझा."

प्रेक्षागृह हसलं. मग फळी सिमेंटवर आदळली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

पडदा पडल्यावर राजा मुकुटासकट खाली आला. फळीचे तुकडे बघून पायरीवरच बसला.

"बाई, मी पाय उचलला होता."

"माहितीये. ऐकत होते."

साहेब धावत आले. "प्रयोगाची माती केलीस. हात चालत नव्हता तर ठोका दिलासच का?"

"साहेब," राजा म्हणाला, "आधी तुम्ही या भोकाशी पाठ करून उभे राहा. मग विचारा."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या कामगारांनी साहेबांचं दार अडवलं. दोरावर दोन माणसं हवीत आणि वहिनीचा करार तुटता कामा नये, एवढंच मागणं. साहेब म्हणतात, बघू. राजा म्हणतो, तोवर मी थडग्यात न उतरता उभ्यानेच मरेन. मरतोय.

वहिनीचा दवाखाना सुरू आहे, करार लोंबकळतोय. प्रयोग असला की ती घरी असते, पण शेवटच्या अंकाची वेळ झाली की उजवा हात मांडीखाली दाबून बसते. म्हणते, न जाणो, हा आपसूक ठोका द्यायचा.