लोनवर

एसटी स्टँडमागच्या त्या न्हाव्याचं नाव मी वीस वर्षांत विचारलेलं नाही. तो मात्र परदेशी फुटबॉल क्लबांचा सख्खा मामा असल्यासारखा बोलतो. त्याची कात्री हवेत थांबली, की समजायचं, कुठल्यातरी खेळाडूची खरेदी त्याला पटलेली नाही. "चार फॉरवर्ड घेतलेनी. मागं बॅकला कोण, तुमचा मेव्हणा?"

एकदा त्याने माझ्या वडिलांची चौकशी केली. "तात्या हल्ली दाढीला येत नाय ते?"

"देवरूखला माझ्या भावाकडे आहेत. थोडे दिवस."

"म्हणजे लोनवर दिलात!" त्याला पटलं. "बरं असतं वो. दुसऱ्या क्लबाकडे खेळला तरी माणूस आपलाच. मुदत संपली की परत. कधी संपते?"

"मे महिन्यात," मी ठोकून दिलं.

मुदत ठरलीच नव्हती. मला तात्यांचा खोकला घरात नको होता. हे मी कोणालाच, बायकोलाही, कधी सांगितलं नाही.

असे तीन मे गेले. दर जूनला तो माझ्या गळ्याभोवती कापड बांधतो आणि अगदी मायेने म्हणतो, "लोन वाढवलात वाटतं?"