गुडघा, वर्दी आणि यांचा शब्द

आमची नात सैन्यात आहे असं सांगितलं की लोक आधी तिच्या उंचीकडे बघतात. बघणारच. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटापर्यंत हात पोचवायला तिला अजून स्टूल लागतं.

मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ती डॉक्टर आहे. मेडिकलला असतानाच तिनं इथल्या, कॅनडाच्या सैन्याच्या योजनेत अप्लाय केलं. फी सैन्य भरतं, वर पगारही देतं, आणि डॉक्टर झाल्यावरची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं शिक्षण, मात्र सैन्याबाहेरच्या साध्या हॉस्पिटलात करायची, बाकीच्या मुलांच्या बरोबरीनं. ती संपली की काही वर्षं वर्दीतली डॉक्टर म्हणून नोकरी. आपल्याकडे डॉक्टरांना खेड्यात जायचा बाँड असतो ना, त्यातलाच प्रकार, पण इथे शिकतानाही माणसाला नीट सांभाळतात.

मुलगा-सून दुसऱ्या प्रांतात, लव्हालला असतात, पण नातीची रेसिडेन्सी वॉटर्लूची, म्हणजे आमच्याच गावातली, म्हणून ती आमच्या बेसमेंटमध्ये राहते. फॅमिली मेडिसिनचं शेवटचं वर्ष. दिवसभर ती इतरांसारखीच असते, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात कॉफी. सैन्याची आठवण व्हायची ती वर्षातून एकदा, फिटनेसची परीक्षा आली की. वाळूची पोती उचलायची, ओढायची, पळायचं. त्याच्या सरावाला ही माझ्या कणकेच्या पिशव्या घ्यायची. एक पिशवी वॉशरूमच्या दारात फुटली आणि पुढचा आठवडाभर आमचे सगळ्यांचे मोजे पांढरे.

पैसे वाचतात म्हणून ती सैन्यात गेली असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. पण एका उन्हाळ्यात ती सैन्याबरोबर देशाच्या पार उत्तरेला जाऊन आली, तंबूत दवाखाना चालवून आली, आणि तेव्हापासून तिचं बोलणंच बदललं. आधी ‘ते लोक’ म्हणायची, आता ‘आम्ही’.

गेल्या हिवाळ्यात ती पडली. त्या दिवशी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला हे निघाले होते. या वयात कशाला, पण ऐकतील तर ना. ती ड्यूटीवरून दमून आली होती, तरी यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि म्हणाली, “आबा, गो इनसाइड.” बर्फाखाली जमीन गोठून नुसती काच झाली होती. गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं, आणि आमचा बेसमेंटचा जिना तिला काही महिने बंद झाला. माझ्या शिवणाच्या खोलीत तिची गादी घातली.

हॉस्पिटलचं काही अडलं नाही. बरी झालीस की ये, राहिलेले महिने पुढे भरून काढ, म्हणाले. प्रश्न होता सैन्याचा. त्यांचा नियम असा, की वर्दीतला माणूस, मग तो डॉक्टर का असेना, पाठवाल तिथे जाण्याइतका धडधाकट हवा. त्यांची डॉक्टर गुडघा तपासणार. तो कायमचा अधू ठरला तर सैन्यातून नाव कमी. हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं, तेही इंग्रजीत, आणि मग तो विषय घरात बंद.

यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आपल्यासाठी पोर पडली, हे यांच्या मनातून जाईना. शेवटी एके दिवशी म्हणाले, “आपण मोठी माणसं आहोत. जाऊन एक शब्द टाकायला नको?”

आता बघा, आम्ही कॅनडात म्हातारे झालो, तरी हे काही आमच्यातून गेलं नाही. मुलाचं अ‍ॅडमिशन असो, सोयरीक असो, घरातल्या मोठ्यांनी जाऊन शब्द टाकायचा. तो टाकला नाही तर आपणच कमी पडलो. मी हो म्हटलं, आणि तेवढ्यावर न थांबता बेसनाचे लाडू वळले.

तपासणी सैन्याच्या तळावर होती, दोन-अडीच तासांवर. लांबचं ड्राइव्ह तिला झेपलं नसतं, म्हणून आम्ही दोघं बरोबर जाणार हे ओघानंच आलं. यांनी टाय लावलेला पाहून तिला शंका यायला हवी होती. आली नाही, इतकी ती आपल्याच विचारात होती.

वेटिंग रूममध्ये तिचं नाव पुकारायला डॉक्टरीणबाई स्वतःच बाहेर आल्या. मेजर होत्या, केस बारीक कापलेले, चेहरा शांत. नात उठायच्या आधी हे उठले. हे स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर, आता रिटायर; ‘मीही डॉक्टर आहे’ इथून सुरुवात केली, मग बर्फ, फावडं, पोरीचा उत्साह, तिची उत्तरेची सफर, सगळं आलं. नात लालेलाल.

“आबा, सिट डाउन. यू वेअर अ‍ॅन इएनटी. इट्स माय नी.”

मेजरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, तुमचं मी ऐकलं, पण उत्तर गुडघाच देईल. तुमच्या शब्दानं त्याचं भलंही होणार नाही आणि वाईटही होणार नाही. माझ्या हातातल्या लाडवांच्या डब्याकडे बघून, पेशंटच्या घरचं घेता येत नाही, एवढंच म्हणाल्या आणि तिला आत घेऊन गेल्या.

हे खाली बसले. मी यांचा हात धरला. शब्द टाकून झाला होता, आता आमच्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि खरं सांगू, तसं बसणं फार अवघड असतं.

दार उघडलं. ती सरळ आमच्याकडे आली, माझ्या शेजारी बसली आणि चक्क मराठीत बोलली.

“आजी, गुडघा चांगला जुळलाय. मी सैन्यात राहतेय.”

पोती उचलायची परीक्षा आणखी काही महिने नाही, पण कायमचं अधूपण असं काही नाही. हॉस्पिटलात तर पुढच्याच आठवड्यापासून जायचं. यांनी टाय सोडला, चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. तिनं यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, “नेव्हर अगेन, आबा. प्रॉमिस?” यांनी मान डोलावली. त्या प्रॉमिसवर मी काही फार विसंबत नाही. पार्किंग लॉटमध्ये गाडीचा हीटर लावून आम्ही तिघांनी लाडू खाल्ले.

कामावर जायला लागून आठवडा झाला असेल. आली ती दारातूनच बडबडत. वेळापत्रक करणाऱ्याला अक्कल नाही, लागोपाठ दोन वीकेंडची ड्यूटी मलाच, क्लिनिकमधला प्रिंटर परत बंद, लंचला वेळ मिळाला नाही. इतके महिने या पोरीनं कशाचीच तक्रार केली नव्हती. मी आमटी गरम करायला ठेवली, खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, सांग, अजून काय काय झालं.