घाटाखाली पाठवलेली खुशाली

आमच्या शाळेत पालकांना बोलावण्याच्या पद्धती पुष्कळ होत्या. पालकांनी येण्याची पद्धत मात्र नव्हती.

डिंगोऱ्याच्या फाट्यावर उतरून आत वाडीपर्यंत चालत जावं लागे. शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. एक मी, ओतूरहून एसटीने येणारी 'बाई', आणि दुसरे मुख्याध्यापक, ज्यांना सगळी वाडी 'मोठे गुरुजी' म्हणायची. धाकटे गुरुजी कुणी नव्हतेच. त्यांच्या मोठेपणाला तुलनेची गरज नव्हती.

मोठ्या गुरुजींचा समारंभावर जीव. शाळेला नवा माठ आला तरी नारळ फुटे. माता-पालक मेळाव्याला खुर्च्यांवर गावातले पुरुष बसत आणि माता मागे जाजमावर. मग आईच्या संस्कारांवर सोसायटीचे चेअरमन बोलत, दूध डेअरीचे चेअरमन बोलत, तोवर गायींच्या धारांची वेळ होई आणि माता एकेक करून उठून जात. अहवालात मात्र 'मातांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' हे शब्द दर वर्षी असत. मी एकदा विचारलं, "गुरुजी, उत्स्फूर्त काय होतं त्यात?" ते म्हणाले, "उठून गेल्या ना, कुणी सांगायला लागलं का?" विनोद ते जाणूनबुजून करत की आपोआप होई, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

चिठ्ठ्या पाठवण्याचाही उपाय होता. एका मुलाच्या हाती पाठवलेल्या चिठ्ठीचं काय झालं म्हणून मी त्याच्या वडिलांना विचारलं, तर त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढून दाखवली. "कागद लई चांगला व्हता बाई," ते मनापासून म्हणाले.

वाडीच्या कडेला मेंढपाळांची घरं होती. काहींनी मेंढरं विकून कांदा धरला होता, काहींची मेंढरं अजून होती. ज्यांची होती ते दिवाळी झाली की माळशेज उतरून खाली कोकणात जात. भातकापणी झालेल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत, टोकावडे, मुरबाड करत फिरत आणि पावसाच्या आधी घाट चढून परत येत. त्यांची मुलं कागदोपत्री वर्षभर शाळेत असत आणि प्रत्यक्षात दिवाळीपर्यंत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती हजर होत. त्यांच्या पाठोपाठ 'गळती' या विषयावरचं एखादं परिपत्रकही येई.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. तिसरीत अशा घरातली एक मुलगी होती. हुशार म्हणावी अशी काही खास नव्हती, पण एकदा धरलेली गोष्ट सोडायची नाही. वाचायला लागली होती आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची. एसटीच्या मागे लिहिलेलं, खताच्या गोणीवरचं, काहीही. ती आता घाट उतरली तर हे सगळं खाली सांडणार, हे मला दिसत होतं. तिचा चुलता वाडीतच कांदा करायचा. त्याच्याकडे ठेवा, असं मी तिच्या आईला दिवाळीआधी जवळजवळ रोज सांगत होते.

शेवटी आई शाळेत आली. उंच, काटक बाई. हातात मेंढराचं कोकरू, कारण ते आजारी होतं आणि ही बाई दोन कामं एका खेपेत करणारी.

"ठिवते पोरीला," ती म्हणाली. "पर तिची खबर मला आठवड्याच्या आठवड्याला पायजे. दोन बाजार गेले आन खबर न्हाई आली, तर मी वर यीन आन तिला घिऊन जाईन. मग तुमी रडायचं न्हाई."

"आपण पत्र पाठवू," मोठे गुरुजी म्हणाले.

"कुठं पाठवणार गुरुजी? आज ह्या वावरात, परवा त्या वावरात. पोस्टमन काय आमच्या कुत्र्यांस्नी इचारत बसंल?"

गुरुजींनी कोकराकडे पाहिलं. तेव्हा मोबाईल नव्हते, आणि असते तरी ते त्या घाटात लागले नसते.

तोडगा फाट्यावर सापडला. मी संध्याकाळी जिथे ओतूरच्या गाडीची वाट बघत उभी असे, तिथेच कल्याणकडे जाणारी एसटी थांबायची. तिचा ड्रायव्हर ओतूरचाच. त्याला विचारलं, तर म्हणाला, "सांगीन की बाई. त्यांची कुत्री खाली दर साली माझ्या गाडीमागं पळत्यात. वळख हाय आमची."

झालं. आठवड्यातून एकदा गाडी थांबली की मी खिडकीशी जाऊन सांगायचे, तो घाट उतरून रस्त्याकडेला त्यांचा तळ दिसला की गाडी हळू करून ओरडायचा. मी काय सांगायचे? जे असेल ते. दात पडला. चुलतीशी भांडून जेवली नाही, मग रात्रीचं गार कालवण भाकरीशी खाल्लं. कविता पाठ झाली, पण म्हणताना पाय हलवते. ड्रायव्हर हे सगळं जसंच्या तसं पोचवायचा आणि प्रवासीही ऐकायचे. नेहमीचे प्रवासी तर मला विचारू लागले, "बाई, नवीन दात आला का?"

हे सुरळीत चाललं होतं. म्हणूनच मोठ्या गुरुजींच्या डोळ्यांवर आलं.

विस्तार अधिकारी शाळा तपासायला येणार होते. पालकांशी संपर्क कसा ठेवता, हे ते विचारणार होते. आदल्या दिवशी गुरुजी मला म्हणाले, "बाई, एसटीच्या खिडकीतून दाताच्या बातम्या पाठवणं हा संपर्क नव्हे. मुख्याध्यापकाने स्वतः कळवायला हवं. त्याला एक पद्धत असते." आणि संध्याकाळी ते स्वतः फाट्यावर आले. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, काखेत छत्री. थंडीचे दिवस होते, छत्री रुबाबासाठी.

गाडी आली. गुरुजी खिडकीशी गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "त्यांना सांगावे की आपल्या पाल्याची प्रकृती उत्तम असून शैक्षणिक प्रगती समाधानकारक आहे. तरी आपण कोणत्याही प्रकारची काळजी करू नये."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "गुरुजी, मी गाडी चालवू का पाठांतर करू?"

"मथितार्थ सांगा."

"सांगतो. पोरगी बरी हाय, काळजी करू नका."

"आणि मुख्याध्यापकांनी समक्ष येऊन सांगितलं आहे, हेही सांगा."

"सांगतो की," म्हणत त्याने गिअर टाकला.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही गावात मरणाची बातमी कुणी सरळ सांगत नाही. पाव्हण्यांकडे माणूस जातो, चहा घेतो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि म्हणतो, "काय न्हाई, जरा तब्येत नरम हाय म्हाताऱ्याची. काळजीचं कारण न्हाई. पर निघा." ऐकणारे निघतात आणि निघतानाच रडतात, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या घरात खरंच काही झालेलं नसतं, तिथे 'काळजी करू नका' म्हणायला कुणी घाट उतरत नाही. माझ्या स्वतःच्या आत्याची बातमी मला 'विशेष काही नाही' या शब्दांत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विस्तार अधिकारी आले. पोरांनी ओळीत उभं राहून स्वागतगीत म्हटलं. गुरुजींनी शाल काढली. नारळ हातात घेतला. तेवढ्यात वाडीच्या वाटेवरून असा हंबरडा ऐकू आला, की अधिकाऱ्यांनी ओवाळण्यासाठी पुढे केलेलं कपाळ मागे घेतलं.

तिची आई होती. तिच्यामागे तळावरचा दीर, आणखी दोन बाया. भाजी खाली टाकून रिकामी वर येणारी गाडी हात करून थांबवली होती आणि तिच्यातून, कोबीच्या पाल्यावर बसून, त्या थेट इथवर आल्या होत्या.

"माझी पोर कुठाय?" आई ओरडली. "सांगा की! काय झालंया माझ्या पोरीला?"

पोरगी स्वागतगीताच्या शेवटच्या ओळीत होती. तिचा एक गाल फुगलेला होता, कारण गाणं चालू असतानाही तिच्या तोंडात बोरं होती. आईने तिला पाहिलं, झडप घालून छातीशी धरलं, मग लांब करून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"जित्ती हायेस, आन बोरं खातीस व्हय गं?"

पोरीने बी थुंकून विचारलं, "आये, तू कशाला आलीस?"

अधिकारी हळूच म्हणाले, "हे काय आहे, मुख्याध्यापक?"

गुरुजींचा हात अजून नारळावर होता. "पालक संपर्क," ते म्हणाले.

दिराने खुलासा केला. "ड्रायव्हर म्हनला, पोरगी बरी हाय, काळजी करू नका. आमी म्हनलं, आँ? दर खेपंला दात सांगतो, भांडान सांगतो, आन आज निस्तं बरी हाय? आन वर म्हनतो, मोठं गुरुजी सोता आलं व्हतं फाट्यावर, टोपी घालून! संपलंच की मग राव. तळावर रात्रीची चूल पेटली न्हाई."

मला हसू येत होतं, पण ते लगेच विरलं. आईने डोळे पुसले, पोरीचा हात धरला आणि म्हणाली, "न्हाई बाई. मला हे झेपायचं न्हाई. हितं काय झालं तर मला कोन खरं सांगनार? तिचं गाठोडं बांधते. जाऊ दे ती शाळा."

पोरगी रडली नाही. ती हात सोडवायला लागली. आई ओढत होती, ती पायाच्या टाचा मातीत रुतवत होती, आणि दोघींचा स्वभाव एकच असल्यामुळे बराच वेळ कुणीच हललं नाही.

गुरुजींनी घसा साफ केला. "ताई, आपली कन्या अत्यंत गुणी..."

"गुरुजी," मी म्हणाले, "तुम्ही आता गुण सांगू नका."

आणि मी तिच्या आईला खरं सांगितलं. पहिल्या दिवसांत दुपारी रडायची, खोटं बोलणार नाही. आता रडत नाही, दुसऱ्यांना रडवते. चुलतबहिणीची वेणी ओढते. शेंबूड बाहीला पुसते. पाढे साताच्या पुढे गेले की मनाचे म्हणते. अक्षर असं, की कोंबडी चालून गेली म्हणावं. चुलतीला उलटून बोलते. वाचते मात्र सारखी. परवा चुलत्याच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचून त्याला म्हणाली, दादा, ही बाटली तुझी न्हाई, बैलाची हाय.

आईची पकड सैल झाली. चेहरा आधी सैल झाला, मग हात.

"बैलाची व्हती?"

"बैलाचीच होती."

"पेला न्हाई ना त्यो?"

"एकदाच," पोरगी म्हणाली.

दीर पहिल्यांदा हसला. मग त्या दोन बाया. आई पायरीवर बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "मग हे सांगायचं की! चांगलं कशाला सांगता? चांगल्यानं जीव जातो मान्साचा."

अधिकाऱ्यांनी तपासणी आटोपती घेतली. गाडीत बसण्याआधी शेरेबुकात लिहिलं, 'पालकांचे शाळेशी भावनिक नाते दिसून आले.' पुढे गुरुजींनी हे वाक्य बऱ्याच भाषणांत वापरलं.

आई दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. वर्गात पोरीने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही, वहीवर वाकून पाढे चुकवत राहिली. आईला ते थोडं लागलं असावं. खिडकीशी येऊन मला म्हणाली, "मला इसरली का काय?" मी म्हणाले, "इथं आल्यावर सगळ्यांना विसरते. मलासुद्धा."

संध्याकाळी आम्ही सगळे फाट्यावर होतो. कल्याणची गाडी आली, ड्रायव्हरने आईला पाहिलं आणि तो खाली उतरून कानाला हात लावायलाच लागला. "वैनी, मला काय म्हाईत राव! गुरुजींनी सांगितलं तसं सांगितलं."

"तुमचं काय न्हाई वो भाऊ," ती म्हणाली आणि गुरुजींकडे वळली. ते बोडक्या डोक्याने आले होते, टोपी घरी ठेवून. "गुरुजी, तुमी सांगा खबर, तुमचा मान हाय. पर त्यात खोट असू द्या. निस्तं चांगलं आलं, तर मी तवाच गाडीत बसनार."

गुरुजींनी मान डोलावली. पोरीने गाडीच्या मागे लिहिलेलं मोठ्याने वाचलं आणि आई पायरीवरून वळून म्हणाली, "ऐकलं, ऐकलं. वराडू नगं." गाडी गेली. पोरगी राहिली.

पुढच्या आठवड्यापासून खबर गुरुजी देऊ लागले आणि मला कबूल केलं पाहिजे की ते त्यात माझ्यापेक्षा सरस निघाले. स्तुतीत त्यांची वाक्यं सगळी एकसारखी असत; तक्रारीत मात्र नजर बारीक होती. "पाटी पुसायला थुंकी वापरते. समज देऊनही फरक नाही." "प्रार्थनेला डोळे मिटते, पण एकच." ड्रायव्हर हे पाठ करायला कंटाळत नसे. खालून उत्तर येई, "लई ब्येस. हान म्हनावं." कुणी मारलं नाही.

निकाल लागला तेव्हा मेंढरं मुरबाडच्या बाजूला होती. पोरगी पास झाली होती. गुरुजी खिडकीशी उभे राहून बराच वेळ विचार करत होते, मागून हॉर्न वाजायला लागले तरी. "पास आहे," ते शेवटी म्हणाले, "पण गणितात रडतखडत." ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी सांगितलं की तळावर गूळ वाटला, गाडीतल्या सगळ्या प्रवाशांना दिला आणि आईने दोनदा विचारून घेतलं, 'रडतखडत' असं गुरुजी नक्की म्हणाले ना?